चिएतेच्या फलाटावरून पाराचीला

ब्राझीलमध्ये कुठे जायचं म्हटलं की आपण सवयीने आधी रेल्वे शोधतो. ती सापडत नाही. नियमित धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या त्या अवाढव्य देशात दोनच उरल्यात, आणि त्या दोन्ही ‘वाले’ या खाणकंपनीच्या, लोहखनिज वाहणाऱ्या रुळांवरून जाणाऱ्या. बाकी सगळा देश विमानात नाहीतर बसमध्ये. त्यामुळे तिथे बसला आपल्याकडच्या रेल्वेचा मान आहे, आणि रेल्वेसारखेच कायदेकानूही आहेत.

ताई आणि मी साओ पाउलोला भाच्याकडे राहायला गेलो होतो. भाचा म्हणजे ताईचाच मुलगा. त्याला सुट्टी नव्हती आणि आम्हाला समुद्र बघायचा होता. पाराची ठरलं. रिओ राज्याच्या दक्षिण टोकाला, डोंगर आणि खाडीच्या बेचक्यात बसलेलं हे जुनं बंदर. नकाशावरचं नाव आपण ‘पाराती’ असं वाचतो, पण तिकीट मागताना ‘पाराची’ म्हणायचं, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. साओ पाउलोहून अंतर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, वेळ सहा तासांच्या आसपास.

तिकीट घरबसल्या काढू असा भाच्याचा विचार होता. तारीख, बस, आसन, सगळं निवडून झालं आणि पडद्यावर सीपीएफ क्रमांकाचा रकाना उघडला. सीपीएफ हा तिथला अकरा आकडी करदाता क्रमांक. आपल्या पॅनचं काम करतो, पण त्याचा पसारा पॅनहून फार मोठा. औषधाच्या दुकानात सवलत हवी, सांगा सीपीएफ. मोबाइलचं सिमकार्ड हवं, सांगा सीपीएफ. त्यांच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेलं ‘पिक्स’, ज्याने तिथे नारळपाणीवालाही पैसे घेतो, तेही सहसा बँक खात्याशिवाय आणि पर्यायाने सीपीएफशिवाय आपल्या हाती लागत नाही. परदेशी माणसाला हा क्रमांक काढता येतो, पण दोन पर्यटक बायका त्यासाठी अर्ज कुठे करत बसणार? काही संकेतस्थळं पासपोर्ट क्रमांक घेतात. आम्ही उघडलेलं घेत नव्हतं. भाच्याने स्वतःचा क्रमांक घालायची तयारी दाखवली, पण तिकिटावरचं नाव आणि कागदपत्र बसच्या दारात पडताळतात. मी म्हटलं, राहू दे, आपण खिडकीवर जाऊ. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. खिडकीपलीकडचं माणूस कसं काम करतं हे बघायला मला आवडतंच.

आता खिडकी कुठली? साओ पाउलोत लांब पल्ल्याची तीन मोठी स्थानकं. सांतोसकडच्या किनाऱ्याला जायचं तर जाबाक्वारा, आतल्या भागात बऱ्याच ठिकाणी जायचं तर बार्रा फुंदा, आणि रिओकडे किंवा उत्तरेच्या किनाऱ्याला जायचं तर चिएते. तिन्ही मेट्रोला जोडलेली, आणि तिन्ही एकमेकांपासून लांब. ‘समुद्राला जाणारी बस’ एवढंच डोक्यात धरून निघालेला माणूस जाबाक्वाराला पोचून बसू शकतो. चिएते १९८२ साली सुरू झालेलं, लॅटिन अमेरिकेतलं सगळ्यात मोठं बसस्थानक. निळ्या मेट्रोच्या पोर्तुगेझा-चिएते स्टेशनातून बाहेर रस्त्यावर न येता सरळ स्थानकात शिरता येतं. वरच्या मजल्यावर तिकीटखिडक्यांची रांगच रांग, खाण्याची दुकानं, औषधांचं दुकान, सामान ठेवायची सोय. खाली नव्वदच्या आसपास फलाट. प्रत्येक कंपनीची खिडकी वेगळी, आणि कुठली कंपनी कुठे जाते ते वर पाटीवर लिहिलेलं.

आमच्या खिडकीवरच्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं. मी कागदावर लिहून नेलं होतं: गावाचं नाव, तारीख, वेळ, दोन माणसं, जायचं आणि यायचं. तिने पडद्यावर आसनांचा नकाशा आमच्याकडे वळवला. हिरवी मोकळी, लाल गेलेली. इथे एक गोष्ट सांगते. ब्राझीलमध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे ड्रायव्हर डावीकडे आणि दार उजवीकडे. साओ पाउलोहून पाराचीला जाताना किनारा लागला की समुद्र उजव्या हाताला असतो. तेव्हा दाराच्या बाजूची खिडकी मागायची. ड्रायव्हरच्या मागे बसणाऱ्याच्या वाट्याला डोंगराची कातळभिंत येते.

प्रकार विचारले तर साधी, एक्झिक्युटिव्ह, सेमी-लेइतो, लेइतो अशी चढती भाजणी. लेइतो म्हणजे जवळजवळ आडवं होऊन झोपता येणारी. दिवसाच्या प्रवासाला साधी पुरते. तिच्यातही एसी, मागे स्वच्छतागृह आणि मागे कलणारी आसनं असतात. एकेका तिकिटाला शंभर रेआलच्या थोडे वर पडले. एक रेआल म्हणजे ढोबळमानाने पंधरा-सोळा रुपये, तर हिशोब ज्याने त्याने करावा. परदेशी कार्ड खिडकीवर विनातक्रार चाललं.

ताईने मागून कोपर मारलं. “महिलांना अर्धं असतं का, विचार ना.”

“ताई, ही एसटी नाही.”

“विचारायला काय जातं?”

विचारलं. मुलगी हसली आणि मग गंभीरपणे समजावू लागली. मोबाइलने केलेल्या भाषांतरातून कळलं ते असं: राज्याराज्यांमधून जाणाऱ्या बसमध्ये साठीच्या पुढच्या, कमी उत्पन्न असलेल्या लोकांसाठी दोन जागा फुकट ठेवाव्या लागतात, त्या भरल्या तर पुढच्यांना अर्ध्या भाड्यात. पण उत्पन्नाचा दाखला हवा. ताईची पेन्शन कुठल्या रकान्यात बसवायची हा प्रश्न तिथेच सोडला. पण हा कायदा मला आवडला. २००३ सालचा आहे, आणि खिडकीवरच्या विशीतल्या मुलीला तोंडपाठ होता.

तिकिटाचा कागद मी नंतर निवांत वाचला. नाव, पासपोर्ट क्रमांक, आसन, फलाट, क्यूआर कोड. भाडं वेगळं, टोल वेगळा, स्थानकाचा कर वेगळा. आणि एक बाब भाच्यालाही ठाऊक नव्हती: २००९ च्या कायद्याप्रमाणे तिकीट एक वर्ष चालतं. बस सुटायच्या निदान तीन तास आधी सांगितलं तर पैसे परत मिळतात, फार तर पाच टक्के कापून, किंवा तारीख बदलून मिळते. ही बाब पुढे आमच्या कामाला आली.

निघायच्या दिवशी भाच्याने मेट्रोपर्यंत सोडलं. “मावशी, पासपोर्ट मूळ घे. मोबाइलमधला फोटो चालणार नाही. आणि आईला शाल दे, बसमध्ये गारठते ती.” शेवटचा सल्ला मला जरा जास्तच वाटला, मार्च महिना, बाहेर घाम. पण फलाटावर उतरलो तर बाकीचे प्रवासी हातात चक्क ब्लँकेट आणि उशा घेऊन उभे. अर्ध्या चड्डीतली माणसं, पायात सपाता, खांद्यावर जाड पांघरूण. लांबच्या बसमधला एसी किती गार असतो ते सगळा देश जाणतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

बस सुटायच्या थोडं आधीच फलाटाला लागते. कंडक्टर नसतो. पांढऱ्या शर्टातला ड्रायव्हर दारात उभा राहतो, तिकिटाचा कोड वाचतो, पासपोर्टातला फोटो आणि चेहरा ताडून बघतो. त्याआधी डिकीपाशी एक मदतनीस बॅगेला क्रमांकाची पट्टी चिकटवतो आणि तिचं अर्धुक आपल्या हाती देतो. ते जपायचं, उतरताना ते दाखवल्याशिवाय बॅग हलत नाही. डिकीत तीस किलो, वर पाच किलो असा नियम. ताईच्या वरच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, भाजणी, बेसनाचे लाडू, दोन थर्मास. पाच किलोत बसलं असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण कोणी वजन केलं नाही.

दार लावल्यावर ड्रायव्हर आत आला आणि सगळ्यांकडे तोंड करून एक छोटं भाषण केलं. स्वतःचं नाव, मार्ग, थांबा कुठे, किती वेळ, पट्टा बांधा, प्रवास सुखाचा होवो. मग केबिनचं दार बंद. गाणी नाहीत, हॉर्न नाही. घड्याळात बघितलं, वेळेवर सुटली.

साओ पाउलो संपता संपत नाही. साओ जोझे दोस काम्पोसपर्यंत मोठा, सपाट, कंटाळवाणा महामार्ग आहे, झोप काढावी. तिथून बस तामोयोस रस्त्याला लागते आणि मग डोंगर, कुरणं आणि पाराइबुना धरणाचं फाटे फुटलेलं पाणी सुरू होतं. आमचा थांबा याच पट्ट्यात होता.

या थांब्याची रीत आधी सांगितलेली बरी. आत शिरताना फिरत्या दांड्याशी प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. काही घेतलं की काउंटरवरचा माणूस त्या कार्डावर नोंद करतो, पैसे घेत नाही. बाहेर पडायच्या वाटेवर गल्ला. तिथे कार्ड द्यायचं, सगळ्याचे एकदम पैसे भरायचे, मगच दांडा फिरतो. काहीच घेतलं नाही तरी कोरं कार्ड परत द्यावं लागतं. हरवलं तर दंड, आणि तो कार्डावरच छापलेला असतो. जेवणही ताटाच्या वजनावर: वाढून घ्या, काट्यावर ठेवा. मला ही पद्धत पटली. हाताळणारा माणूस पैशाला शिवत नाही आणि गल्ल्यावरचा अन्नाला.

शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावं. ‘कार्नी नको’ म्हटलं की त्यांच्या दृष्टीने फक्त गोमांस वगळलं जातं. कोंबडी आणि हॅम येऊ शकतात. पेअरच्या आकाराचा, कुरकुरीत, बटाटवड्याची आठवण करून देणारा जो कोशिन्या काचेच्या कपाटात मांडलेला असतो, त्यात कोंबडी. रोजच्या घेवड्याच्या उसळीतही बरेचदा डुकराचे तुकडे. उरतो पाँव-जी-केझो, चीज घातलेले, कसाव्याच्या पिठाचे भाजलेले गोळे. आपला साबुदाणा त्याच कसाव्याचा, म्हणून ताईने आशेने विचारलं, “उपासाला चालेल?” अंडं असतं म्हटल्यावर विषय संपला. त्या दिवशी उपास नव्हता, आणि तिला अंडं चालतं, म्हणून तिने चार खाल्ले. शिवाय उसाचा रस, लिंबू पिळून, घाण्यातून ताजा काढलेला. हा मिळाला की ब्राझीलबद्दलच्या तिच्या सगळ्या तक्रारी तात्पुरत्या मागे पडत.

पुढे घाट. सेरा दो मार ही किनाऱ्याला समांतर धावणारी डोंगररांग. पठार अचानक संपतं आणि खाली समुद्र दिसतो, अगदी कोकणात उतरताना होतं तसं, फक्त इथे पाणी पूर्वेला. तामोयोसला २०२२ मध्ये नवा रस्ता जोडला गेला, त्यात पाच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. पण तो वर चढणाऱ्या गाड्यांसाठी. उतरणाऱ्या गाड्या जुन्याच वळणांवरून येतात. आम्हाला ते बरंच वाटलं. दोन्ही बाजूंना ओलं, दाट, वेलींनी बांधलेलं अटलांटिक जंगल. पूर्वी हे जंगल किनाऱ्याने हजारो किलोमीटर पसरलेलं होतं, आता त्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरलाय. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत फुलणारी जांभळी क्वारेज्मेइरा मधूनच हिरव्यात पेटलेली दिसे.

याच डोंगरांना दरडींचा शाप आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्निव्हलच्या सुट्टीत याच किनाऱ्यावर एका दिवसात ६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, दरडी कोसळून साठाहून जास्त माणसं गेली, बहुतेक साओ सेबास्तियाव तालुक्यातली. रस्ता तुटला, पर्यटक अडकले. म्हणून डिसेंबर ते मार्च या काळात निघण्याआधी हवामानाचा इशारा बघायचाच. आम्ही निघालो त्या आठवड्यात आभाळ मोकळं होतं.

काराग्वातातुबाला बस बरीच रिकामी झाली, तिथून किनारा धरला. उबातुबा गावातून मकरवृत्त जातं. पुढे पाराचीपर्यंत डोंगर सरळ समुद्रात उतरतात, आणि रस्ता वर चढतो, खाली एक अर्धचंद्राकृती पुळण दाखवतो, परत जंगलात घुसतो. शेजारच्या ओळीतल्या उबातुबाच्या आजी आम्हाला प्रत्येक पुळणीचं नाव सांगत होत्या. ताईने त्यांना लाडू दिला. त्यांनी पिशवीतून काजूच्या बोंडाच्या रसाची बाटली काढली. काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्येचा; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. आपण बी खातो आणि बोंडाची फेणी करतो, तिथे बोंडाचा रस घराघरात पितात. चव तुरट, घसा धरणारी. ताईने दुसरा घोट घेतला नाही.

हा किनारी रस्ता, रिओ-सांतोस, १९७० च्या दशकातला. त्याआधी पाराचीला पोचणं कठीण होतं, आणि गाव आज जसं दिसतं त्याचं कारण तेच. अठराव्या शतकात मिनास जेराइसच्या खाणींतलं सोनं खेचरांच्या पाठीवरून डोंगर उतरून इथे यायचं आणि जहाजात चढायचं. मग खाणींपासून थेट रिओला जाणारी वाट झाली. नंतर कॉफी आली, तिने काही काळ तारलं. पण १८७७ साली साओ पाउलो आणि रिओ रेल्वेने जोडले गेले आणि कॉफीही तिकडून जाऊ लागली. १८८८ साली गुलामगिरी संपली, मळे ओस पडले, माणसं निघून गेली. पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसेच उरले नाहीत. पांढऱ्या भिंती आणि रंगीत चौकटींची ती घरं तशीच राहिली. युनेस्कोने २०१९ मध्ये पाराची आणि समोरचं इल्या ग्रांजी बेट यांना जागतिक वारशात घेतलं. रेल्वे न आल्याने वाचलेल्या गावात मी बसने जात होते, तेव्हा त्या रस्त्याबद्दल फार बोलायचा मला हक्क नाही. पण उन्हाळी सुट्टीत त्यावर किती गाड्या असतात ते ऐकून पोटात गोळा आला.

पाराचीचं स्थानक छोटं, आपल्या तालुक्याच्या गावी असतं तेवढं. पट्टीचं अर्धुक दिलं, बॅगा घेतल्या. जुनं गाव चालत दहा मिनिटांवर, पण तिथे गाड्यांना मनाई. रस्त्यांच्या तोंडाला साखळ्या लावलेल्या. आणि खाली ओबडधोबड दगड, गुलामांकडून बसवून घेतलेले. चाकांची बॅग तिथे निरुपयोगी. आम्ही खोली मुद्दाम स्थानकाच्या बाजूला घेतली होती, हा भाच्याचा सल्ला सोळा आणे खरा. संध्याकाळी हातात काही नसताना दगडांवरून चालणं वेगळं. तेही खाली मान घालूनच. चर्च बघायचं तर आधी थांबायचं, मग वर बघायचं. सांता रिता चर्च १७२२ चं, खाडीच्या काठावर. गुलामांसाठीचं रोझारियोचं चर्च वेगळं, गोऱ्या धन्यांचं वेगळं, हे त्या एवढ्याशा गावात चालताना फार टोचतं.

घरमालकीणबाईंनी सांगितलं की दोन दिवसांनी पौर्णिमा आहे, भरतीचं पाणी रस्त्यांत शिरेल, ते बघून जा. गावाचे रस्तेच मध्ये खोलगट ठेवलेत, समुद्र आत यावा आणि बाहेर जावा म्हणून. पौर्णिमा म्हणजे होळी. आमची परतीची बस त्याच दिवशी सकाळची.

“तिकीट बदलून घेऊ,” मी म्हटलं.

“देतील का?” ताईच्या डोळ्यांसमोर आयुष्यभराच्या खिडक्या उभ्या राहिल्या असाव्यात.

आदल्या दिवशी सकाळीच स्थानकावर गेलो. दोन्ही तिकिटं, दोन्ही पासपोर्ट पुढे केले, कॅलेंडरवर बोट ठेवलं. माणसाने काही विचारलं नाही. जुनी तिकिटं रद्द, नवी छापली, आसनं दाखवली, जादा काही घेतलं नाही. परतीला समुद्र डाव्या हाताला, म्हणून या वेळी ड्रायव्हरच्या मागची बाजू मागितली. एवढं सहज झालं कारण हंगाम ओसरला होता. नववर्ष, कार्निव्हल आणि २००३ पासून भरणारा साहित्यमहोत्सव, या दिवसांत पाराचीची तिकिटं फार आधी संपतात. तेव्हा बदलायला जागाच नसते.

त्याच स्थानकातून त्रिंदाजी या समुद्रकाठच्या गावाची स्थानिक बस सुटते, तिने दिवस घालवला. वाटेत एक चढ आहे, त्याचं नावच ‘देवा, वाचव’ अशा अर्थाचं आहे. ड्रायव्हर तो चढ ज्या वेगाने घेतो ते बघून नाव योग्य वाटलं.

होळीच्या दिवशी पाणी आलं. खाडीकडच्या तोंडातून आधी दगडांच्या फटींत, मग घोट्यापर्यंत. दुकानदारांनी उंबऱ्याला फळ्या टाकल्या आणि विक्री चालू ठेवली. ताई चपला हातात घेऊन पाण्यातून फिरली आणि घरी व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांना पुरणपोळी झाली का विचारत बसली.

दुसऱ्या दिवशी परत. किनारा तोच, ड्रायव्हर वेगळा, भाषण तेच. काराग्वातातुबानंतर बस नव्या रस्त्याने चढली: बोगदा, पूल, परत बोगदा, आणि घाट संपलाही. अभियंत्यांचं कौतुक करावं असाच रस्ता आहे. ताईला तो अजिबात आवडला नाही. “दिव्यांशिवाय काय दिसलं?” म्हणाली, आणि थांब्यावर उतरताना माझ्या आधी जाऊन दोघींची कार्डं घेऊन सरळ रसाच्या घाण्याकडे निघाली.